चाळीची सरळ गॅलरी मॉडेलमध्ये केळ्यासारखी का वाकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातली तीन मजली लाकडी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी व्हायच्या आत तिचं त्रिमितीय मॉडेल करून ठेवायचं आहे, आणि नंतर त्यावरून मापंही काढता आली पाहिजेत. ३६० अंशांचा कॅमेरा काठीला लावून प्रत्येक मजल्याच्या गॅलरीतून चालत व्हिडिओ घेतला. कॅमेऱ्याच्या ॲपने तो स्टिच केला, म्हणजे दोन लेन्सची चित्रं जोडून एक केली, त्यातून १२० अंशांच्या फ्रेम कापल्या आणि फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या कोलमॅप या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. साठ फुटी सरळसोट गॅलरी केळ्यासारखी वाकून आली, एका जिन्याचे दोन झाले, दुसरा आणि तिसरा मजला एकमेकांत घुसले आणि भिंतींवर धुक्याचा थर बसला. कुठे चुकलं, आणि पुन्हा शूट करायचं तर कसं?

हे चार वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. पण केळं आणि धुकं या दोन दोषांच्या मुळाशी एक समजूत असते: रुंद कोनाचा फोटो म्हणजे साधाच फोटो, फक्त कडेला वाकलेला, तो सरळ केला की काम झालं. ३६० कॅमेऱ्याच्या दोन्ही लेन्स फिशआय, म्हणजे सुमारे १८० अंश पाहणाऱ्या अतिरुंद, असतात. फिशआय फोटोतला पिक्सेल कागदावरचा ठिपका नाही, ती एक दिशा आहे. लेन्सच्या केंद्रातून कोणत्या कोनात किरण आला एवढंच तो सांगतो. हा कोन शूटिंगपासून शेवटच्या गणितापर्यंत जपला तर सगळं जुळतं. मध्ये कुठेही चित्र दिसायला बरं व्हावं म्हणून ते ताणलं, की चूक आत शिरते आणि पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरला ती पूर्ण काढता येत नाही.

साध्या लेन्समध्ये चित्राच्या मध्यापासूनचं अंतर म्हणजे फोकल लेंथ गुणिले कोनाचा टॅन. कोन ९० अंशांकडे गेला की टॅन अनंताकडे जातो, म्हणून साध्या लेन्सला १८० अंश कधीच दिसू शकत नाहीत. फिशआयमध्ये ते अंतर साधारणपणे फोकल लेंथ गुणिले कोन, इतकं सरळ असतं. प्रत्यक्षातली लेन्स या आदर्शापासून थोडी सरकलेली असते आणि ती सरकण एका बहुपदीने पकडतात. कन्नाला आणि ब्रँट यांनी २००६ साली मांडलेलं हे मॉडेल ओपनसीव्ही (चित्रांच्या गणिताची मोफत सॉफ्टवेअर लायब्ररी), कोलमॅप आणि बहुतेक नव्या साधनांत आहे. त्यात एकूण आठ आकडे असतात: दोन फोकल लेंथचे, दोन चित्राच्या मध्याचे आणि के१ ते के४ हे चार गुणक.

आता तुमच्या कॅमेऱ्यासारखा हिशोब मांडू. समजा प्रत्येक लेन्सचं वर्तुळ २८८० पिक्सेल व्यासाचं आहे आणि त्यात १९० अंश मावतात. म्हणजे अंशाला सुमारे १५ पिक्सेल, आणि फोकल लेंथ सुमारे ८७० पिक्सेल. यातून १२० अंशांची सपाट फ्रेम काढली तर ती ३००० पिक्सेल रुंद होते, पण कडेला प्रत्येक अंश चौपट ताणलेला असतो. तिथे नवा तपशील आलेला नसतो, जुनाच पसरलेला असतो. १५० अंशांची फ्रेम काढली तर हा ताण पंधरापट होतो. अशा कडांवर सापडलेल्या खुणा (फोटो एकमेकांशी जुळवायला वापरायचे ठळक ठिपके) सॉफ्टवेअर मध्यातल्या खुणांइतक्याच विश्वासाने धरतं. शिवाय कोलमॅपमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार सांगितला नाही तर ते एकाच गुणकाचं साधं मॉडेल गृहीत धरतं. स्टिच करून, ताणून, कापलेल्या फ्रेमना ते मॉडेल बसत नाही. उरलेली चूक कुठेतरी जिरायला हवी, म्हणून दर मीटरला कॅमेऱ्याची दिशा अंशाच्या छोट्याशा भागाने वळवून सॉफ्टवेअर ती जिरवतं. साठ फुटांत त्याचं केळं होतं.

स्टिच केलेली फ्रेम का चालत नाही

३६० कॅमेऱ्यात दोन लेन्स पाठीला पाठ लावून असतात आणि त्यांची केंद्रं एका बिंदूत नसतात. हे अंतर ३ सेंटिमीटर धरा. चाळीची गॅलरी चार फुटी, तुम्ही मध्यावरून चालता, म्हणजे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठडा, दोन्ही ६० सेंटिमीटरवर. लेन्सची तोंडं चालण्याच्या दिशेला असली की दोन चित्रांचा सांधा नेमका भिंतीवर आणि कठड्यावर पडतो. ६० सेंटिमीटरवर ३ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ३ अंश, म्हणजे चाळीसेक पिक्सेलचा फरक. ॲप तो फरक लपवायला चित्र आत-बाहेर खेचतं, आणि किती खेचलं ते फ्रेमगणिक बदलतं. डोळ्याला सांधा दिसत नाही, पण भूमिती तिथे मोडलेली असते. भिंतीवरच्या तुमच्या धुक्याचा मोठा भाग हाच आहे.

म्हणून मूळ फाइल शोधा. अनेक कॅमेरे दोन्ही लेन्सची कच्ची वर्तुळं वेगळी साठवतात आणि स्टिचिंग नंतर होतं. ती वर्तुळंच वापरायची. तुमच्याकडे फक्त स्टिच केलेलं चित्र उरलं असेल तर निर्यात करताना स्टॅबिलायझेशन आणि क्षितिज सरळ ठेवण्याची सोय बंद करा, नाहीतर सांधा प्रत्येक फ्रेममध्ये फिरत राहतो. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश मास्क करून (झाकून, हिशोबातून वगळून) फ्रेम ९० अंशांच्याच कापा. पाहण्यापुरतं मॉडेल त्यातून निघेल. मापांसाठी मात्र पुन्हा शूट करणंच बरं.

पुन्हा शूट करताना कॅमेरा काठीवर पाव वळण फिरवा: एक लेन्स भिंतीकडे, दुसरी चौकाकडे. या एका बदलाने दोन गोष्टी साधतात. लेन्सचा सगळ्यात चांगला मधला भाग भिंतीवर येतो आणि काठी धरणारा माणूस सांध्याच्या अंधाऱ्या पट्ट्यात जातो. शिवाय चालण्याच्या दिशेला असलेल्या वस्तू एका पावलात जागच्या फारशा हलत नाहीत, त्यांची खोली ठरवायला काही मिळत नाही. बाजूच्या वस्तू भराभर सरकतात. तिथेच लेन्सचा मध्य हवा.

कॅलिब्रेशन

हे, म्हणजे लेन्सचे वरचे आठ आकडे काढणं, शूटच्या आधी, घरी, उजेडात करायचं. बुद्धिबळाच्या पटासारखा नुसता काळा-पांढरा पट घेऊ नका. ज्याच्या प्रत्येक पांढऱ्या चौकोनात वेगळी खूण असते तो चारुको पट घ्या. त्याचा कोपरा फ्रेमबाहेर गेला तरी उरलेला भाग ओळखता येतो, आणि फिशआयला गरज आहे ती कडेच्या फोटोंचीच. ए३ आकार, ३० मिलिमीटरचे चौकोन पुरतात. छापखान्यात फ्लेक्स किंवा सनबोर्डवर छापून देतात, ते नको. फ्लेक्सला लाटा येतात आणि सनबोर्ड मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत धनुष्यासारखा होतो. मॅट कागदावर छापून जाड काचेवर किंवा एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमचे थर असलेल्या ताठ पाटावर) फुगे न ठेवता चिकटवा. छापून आल्यावर दहा चौकोन मिळून ३०० मिलिमीटर भरतात का, ते स्टीलच्या पट्टीने बघा. प्रिंटरने पानाला बसवण्यासाठी चित्र लहान केलेलं असतं, हे वारंवार घडतं.

प्रत्येक लेन्सचे ५० ते ८० फोटो, पट ३० ते ६० सेंटिमीटरवर, वेगवेगळ्या तिरकसपणात. निम्मे फोटो तरी वर्तुळाच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात असले पाहिजेत. ओपनसीव्ही कधी गणित बसत नाही म्हणून अडून बसतं. अशा वेळी बहुधा एखाद्या अगदी कडेच्या फोटोत पट फारच चपटा दिसत असतो; तेवढा काढला की पुढे जातं. मॉडेलने सांगितलेली आणि फोटोतली जागा यांतली सरासरी चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत आली म्हणजे झालं असं समजू नका. चूक मध्यापासूनच्या अंतरासमोर मांडून बघा. कडेला जाता जाता ती एकाच दिशेने वाढत असेल तर मॉडेल कडेला खोटं बोलतंय. के१ ते के४ घेऊन कोन शून्यापासून ९०पर्यंत वाढवत जा आणि मध्यापासूनचं अंतर सतत वाढतं का ते तपासा. जिथे पटाचे फोटो नव्हते तिथे बहुपदी खुशाल उलटी वळते, आणि दोन वेगळे किरण एकाच पिक्सेलवर येऊन बसतात.

आणखी एक मर्यादा फारशी कुठे लिहिलेली सापडत नाही. ओपनसीव्ही आणि कोलमॅपची फिशआय मॉडेल आत आधी आडवं अंतर खोलीने भागतात, म्हणून ९० अंशांपलीकडचा किरण त्यांना कळत नाही. लेन्स १९० किंवा २०० अंशांची असली तरी मध्यापासून ८५ अंशांपलीकडचा भाग मास्क करा. वरच्या उदाहरणात १४४० पिक्सेल त्रिज्येपैकी सुमारे १२९० ठेवायची. दोन लेन्सच्या मध्ये दहा अंशांची फट राहते, पण कॅमेरा पुढे सरकला की ती जागा दुसऱ्या फोटोत येतेच.

शूटिंग

व्हिडिओ नको, फोटो घ्या. अंधाऱ्या गॅलरीत हा हिशोब निर्दय आहे. हळू चाललात, सेकंदाला अर्धा मीटर, आणि शटर १/१०० ठेवलंत, तर तेवढ्या वेळात कॅमेरा ५ मिलिमीटर सरकतो. ६० सेंटिमीटरवरच्या भिंतीवर ते ७ पिक्सेलचं पुसलेपण झालं. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. पूर्ण वाचायला २० मिलिसेकंद लागत असतील तर वरची ओळ आणि खालची ओळ एक सेंटिमीटर अंतरावरून पाहिलेली असते. काठी जमिनीवर टेकवून, दोन सेकंद थांबून, फोनवरून बटण दाबलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

शटर १/५० किंवा १/१०० वरच ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. मधला कुठलाही आकडा घेतला की भिंतीवर आडवे पट्टे येतात. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स गॅलरीपुरता कायम करा. एचडीआर, स्टॅबिलायझेशन आणि लिनिअर नावाची सोय बंद. शेवटची सोय तर लेन्सचं वाकडेपण स्वतःच सरळ करून देते आणि तुमचं कॅलिब्रेशन रद्द करते.

जागा किती घ्यायच्या? दर ३० सेंटिमीटरला एक. साठ फूट म्हणजे सुमारे १८ मीटर, म्हणजे साठ जागा. दोन ओळी, एक भिंतीच्या बाजूने, एक कठड्याच्या बाजूने. दोन उंच्या, कमरेच्या थोडं वर १.१ मीटर आणि डोक्यावर १.९ मीटर. एका गॅलरीचे २४० थांबे आणि ४८० फोटो, तीन मजल्यांचे १४४०. जिन्यावर प्रत्येक पायरीला एक थांबा, वर जाताना एका बाजूने, उतरताना दुसऱ्या. गॅलरीतून जिन्यात वळताना एकदम वळू नका; तिथे १५ सेंटिमीटरवर थांबे घ्या.

खोलीत शिरतानाही तसंच. फिशआयचा खरा फायदा उंबरठ्यावर दिसतो. साध्या लेन्सला एकतर गॅलरी दिसते नाहीतर खोली. उंबरठ्यावर उभ्या केलेल्या फिशआयला दोन्ही एकाच फोटोत दिसतात, आणि बाहेरचं मॉडेल आतल्या मॉडेलला तिथेच शिवलं जातं. बाहेर तीन, बरोबर उंबरठ्यावर एक, आत दोन, असे सहा थांबे प्रत्येक दाराला द्या. आत-बाहेर उजेडाचा फरक मोठा असेल तर उंबरठ्यावरचा फोटो दोन एक्सपोजरमध्ये घ्या, काठी न हलवता.

चौकापलीकडची बाजू मात्र या फोटोंवर सोडू नका. जवळ उत्तम मोजणारी ही लेन्स लांबच्या बाबतीत कमकुवत असते. दोन थांब्यांत ३० सेंटिमीटर अंतर आणि जुळणीत अर्ध्या पिक्सेलची चूक धरली, तर ६० सेंटिमीटरवरच्या भिंतीची खोली एका मिलिमीटरच्या आत येते. तीच चूक १२ मीटरवर सुमारे २८ सेंटिमीटर होते. खोलीची चूक अंतराच्या वर्गाने वाढते. म्हणून दर्शनी बाजूचे आणि चौकाचे फोटो मोबाइलच्या मुख्य लेन्सने, समोरच्या गॅलऱ्यांतून आणि खालून, मीटर-दोन मीटर सरकत घ्या. २४ मिलिमीटरच्या दर्जाची ही लेन्स ४००० पिक्सेल रुंद चित्रात १२ मीटरवर पिक्सेलला साडेचार मिलिमीटर दाखवते; फिशआय तिथे १४ मिलिमीटर दाखवते. हे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळा कॅमेरा म्हणून द्या. छपरासाठी ड्रोनचा विचार असेल तर दक्षिण मुंबईत परवानगी मिळणं अवघड धरा. शेजारच्या गच्चीवरून रंगाऱ्याच्या लांब बांबूला कॅमेरा बांधून कौलांचे पुरेसे फोटो येतात.

वेळ दुपारची, जेवणं आटोपल्यानंतरची. दोरीवरचे कपडे हलतात, ते तासाभरासाठी काढून घ्यायला सांगा. प्रत्येक घरात असते ती स्टीलच्या भांड्यांची मांडणी या कामाची शत्रू आहे: प्रत्येक वाटी-डब्यात खोलीचं वेगळं प्रतिबिंब दिसतं, सॉफ्टवेअर ती प्रतिबिंबं जुळवतं आणि भिंतीच्या मागे भलतीच खोली उभी करतं. आधी तिच्यावर चादर टाकून खोली पूर्ण करा, मग चादर काढून मांडणीचे वेगळे फोटो मोबाइलने घ्या. ते नुसते नोंदीसाठी. आरसे आणि टीव्हीचा पडदा झाका. आणि ३६० कॅमेऱ्यापासून काहीच लपत नाही, तेव्हा दार उघडं असलेल्या प्रत्येक घराला आधी विचारा. पावसाळ्यात एसी गाडीतून आणलेला कॅमेरा बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तसाच ठेवा. फुगीर काचेवर बसलेली वाफ कडेच्या भागात पुसट पडदा करते आणि छोट्या स्क्रीनवर ती दिसत नाही.

दोन जिने आणि घुसलेले मजले

याचा लेन्सशी संबंध नाही. चाळीत सगळी दारं सारखी, कठड्याचे गज सारखे, तिन्ही मजल्यांवरचे जिने सारखे. दुसऱ्या मजल्याचा फोटो तिसऱ्याशी अगदी छान जुळतो, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती चूक नसतेच. उलटंही होतं: परत आल्यावर तोच जिना ओळखू आला नाही तर त्याचा दुसरा जिना होतो. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत तर हे आणखी अवघड. तिथे मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या एकसारख्या खोल्या. बाहेरचं काही दिसतच नाही.

उपाय स्वस्त आहे. जुन्या वर्तमानपत्रांची पानं घ्या, प्रत्येक पान वेगळं, मोठे फोटो असलेलं. दर दोन दारांमागे एक, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक, मास्किंग टेपने चारही कडांनी पक्कं चिकटवा. वाऱ्याने फडफडता कामा नये. एकच पान दोन मजल्यांवर लावलंत तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल. नुसत्या चुना मारलेल्या भिंतीवर जुळवायला काहीच नसतं, तिथेही हीच पानं कामी येतात. मॉडेल नंतर स्वच्छ दिसायला हवं असेल तर पानं काढून प्रत्येक गॅलरीची एक ओळ पुन्हा घ्या.

जुळणी करताना सगळे फोटो सगळ्यांशी पडताळू नका. क्रमाने पुढच्या-मागच्या १० ते १५ फोटोंशी, आणि त्याखेरीज हाताने लिहिलेली जोड्यांची यादी: भिंतीकडची ओळ कठड्याकडच्या ओळीशी, खालची उंची वरच्या उंचीशी, जिन्याची वरची पायरी वरच्या गॅलरीशी, सुरुवातीची जागा शेवटच्या जागेशी. ही यादी करायला एक संध्याकाळ जाते, पण मजले घुसण्याचा प्रश्न मुळातून जातो.

गणित चालवताना

दोन्ही लेन्सचे फोटो दोन फोल्डरमध्ये, प्रत्येक फोल्डरला एकच कॅमेरा, ओपनसीव्ही फिशआय मॉडेल, घरी काढलेले आठ आकडे हाताने दिलेले. पहिल्या फेरीत फोकल लेंथ आणि गुणक सुधारण्याची मुभा बंद ठेवा. लांब, अरुंद, एकाच दिशेच्या मार्गात ही मुभा दिली की सॉफ्टवेअर लेन्स थोडी वाकवून आणि गॅलरी थोडी वाकवून दोघांची तडजोड करतं, आणि सरासरी चूक छान कमी दाखवतं. सगळे मजले, जिने आणि चौक एकमेकांत बांधले गेल्यावर, अगदी शेवटच्या फेरीत ती मुभा द्या. तेव्हा आकडे फारसे हलले नाहीत तर घरचं कॅलिब्रेशन बरोबर होतं. दोन लेन्समधलं अंतर आणि वळण कायम असतं, हे कोलमॅपच्या नव्या आवृत्त्यांत रिग म्हणून सांगता येतं. ते जरूर सांगा. एका लेन्ससमोर कोरी भिंत आली तरी दुसरी तिला धरून ठेवते. कोलमॅपऐवजी मेटाशेप हे सॉफ्टवेअर वापरलं तर त्यातही कॅमेऱ्याचा प्रकार फिशआय असा स्वतः निवडावा लागतो.

दाट मॉडेलसाठी, म्हणजे भिंतींचा सगळा पृष्ठभाग बिंदूंनी भरून काढण्यासाठी, कोलमॅपला सपाट चित्रंच लागतात. ती कॅमेऱ्यांच्या जागा फिशआयवर पक्क्या झाल्यानंतर काढा, प्रत्येकी ९० अंशांची, वरच्या हिशोबाने सुमारे १७४० पिक्सेल रुंद. एकाच वर्तुळातून काढलेल्या या चित्रांची जागा एकच असते, फक्त दिशा वेगळी. ती सुट्टे फोटो म्हणून पुन्हा जुळवायला देऊ नका. त्यांच्यात पावलाचंही अंतर नाही, त्यामुळे खोलीबद्दल ती आपसात काहीच सांगू शकत नाहीत.

गॉसियन स्प्लॅटिंग (असंख्य मऊ रंगीत गोळ्यांनी दृश्य उभं करण्याची पद्धत) करायचं असेल तर २०२३ची मूळ पद्धत साध्या लेन्सपुरतीच आहे. प्रत्येक गोळ्याचं चित्रावरचं रूप ती सरळ रेषेच्या अंदाजाने काढते; रुंद कोनात तो अंदाज कडेला ढासळतो आणि सुईसारखे लांबट गोळे तयार होतात. २०२४च्या अखेरीस मांडलेल्या थ्रीडीजीयूटी पद्धतीत गोळ्यातले काही नेमके बिंदू लेन्सच्या खऱ्या मॉडेलमधून पाठवले जातात, त्यामुळे फिशआय चित्रं न ताणता वापरता येतात. जीस्प्लॅट या स्प्लॅटिंगच्या मोफत सॉफ्टवेअर लायब्ररीत ती सोय आहे. ती नसेल तर ९० अंशांची तीच चित्रं द्या. स्प्लॅट चाळीत फिरल्याचा अनुभव फार सुंदर देतो, पण मापं त्यावरून काढू नका.

मिस्त्रीची हत्यारं

फोटोंना प्रमाण नसतं. चाळ साठ फुटी की सहा फुटी, हे त्यांना माहीत नाही. लेसर मीटरने किमान तीन मापं घ्या, एक लांबीचं, एक रुंदीचं, एक उंचीचं, आणि चौथं असं घ्या की जे प्रमाण ठरवताना वापरायचं नाही, फक्त शेवटी पडताळायचं.

उभी दिशा भिंतीवरून ठरवू नका. शंभर वर्षांची लाकडी चाळ झुकलेली असते, आणि ते झुकणं हीच तर नोंदवायची गोष्ट आहे. जिन्याच्या पोकळीत ओळंबा सोडा. पांढरी जाड दोरी, खाली बादलीभर पाण्यात बुडवलेलं वजन, म्हणजे तो झुलत नाही. दोरीवर वर आणि खाली रंगीत टेपच्या दोन खुणा बांधा. त्या मॉडेलमध्ये सापडल्या की उभी रेषा मिळाली.

केळ्याचा निकाल लावायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या. मिस्त्री लादीची पातळी काढतात तशी गॅलरीच्या दहा खांबांवर एकाच उंचीची खूण करा, खडूने नको, काळ्या-पांढऱ्या स्टिकरने. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, तेव्हा आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतं का ते बघा. मग जमिनीपासून हातभर उंचीवर गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाइनदोरी ताणून बांधा, तिच्यावरही दर दोन मीटरला टेपची खूण. दोरीला मध्ये झोळ येईल, त्याची काळजी नको. वरून पाहिलं तर ती सरळच असते. मॉडेल तयार झाल्यावर दहा स्टिकर एका आडव्या पातळीत आहेत का आणि दोरीच्या खुणा वरून पाहता एका रेषेत आहेत का, एवढंच मोजायचं. १८ मीटरमध्ये सेंटिमीटरभराचा फरक असेल तर वास्तुनोंदीसाठी मॉडेल चांगलं आहे. पाच सेंटिमीटर असेल आणि तो एका टोकाकडून दुसरीकडे गुळगुळीत वाढत जाऊन उतरत असेल, तर दोष लेन्सच्या आकड्यांत आहे. कॅलिब्रेशनच्या कडेच्या फोटोंकडे परत जा. फरक एखाद्याच खांबापाशी एकदम उडी मारत असेल तर तिथली एखादी जोडी चुकीची जुळली आहे, यादी तपासा.

स्टिकर आणि दोरी शूटच्या आधी लावायची, नंतर नाही. आणि नळीने पातळी काढताना लादीच्या उताराचंही माप घ्या, कारण पाणी वाहून जावं म्हणून गॅलरीची लादी बहुतेक चाळींत चौकाकडे थोडी उतरती असते. मॉडेलमध्ये हा उतार दिसला तर ती चूक समजून सपाट करू नका.